कोंबडी कोणी नेली?

कोकणातील खेड्यात घर म्हटले की त्याच्यामागे परसू आले, आणि परसात केळी, अळू, उकिरडा यांच्या जोडीला पाच-सात कोंबड्यांचे खुराडेही आले. दिवसभर ह्या कोंबड्या माडांच्या बुंध्याशी, गडग्याच्या आडोशाने पाचोळा उकरीत हिंडतात, आणि दिवेलागणीला कोणी हाक मारली नाही तरी आपापल्या ठिकाणी परततात. घरातील बाई त्या मोजून आत घेते, दाराला खीळ घालते आणि मग चुलीकडे वळते. घरात ह्या कोंबड्यांना कोणी मोठा मान देते असे नाही. परंतु बाजाराच्या दिवशी मीठ-मिरची, काड्यांची पेटी, मुलांची वही-पेन्सिल हा सारा किरकोळ खर्च त्यांच्या अंड्यांवर भागतो. म्हणून एखाद्या पहाटे दार उघडल्यावर सातांऐवजी सहाच बाहेर आल्या, की त्या घरात कोणालाही ही गोष्ट लहानशी वाटत नाही.

अशा वेळी प्रथम येतो तो संताप, आणि त्याच्या पाठोपाठ येतो तो आळ. हा आळ बहुधा मुंगसावर येतो. मुंगूस दिवसाउजेडी गडग्यावरून तुरुतुरु पळताना सर्वांनी पाहिलेला असतो. त्याने कधी काळी कोणाचे पिलू नेलेलेही असते. जो डोळ्यांसमोर वावरतो त्याच्यावर संशय घेणे सोपे, आणि जो रात्री येऊन रात्रीच जातो त्याचे नावही कोणाला सुचत नाही. मग फासकी लावली जाते, किंवा अंड्यात विष घालून ते वाटेवर ठेवले जाते. ते अंडे कावळा फोडतो, नाहीतर घरचाच कुत्रा खातो. आणि खरा चोर दुसऱ्या रात्री आपल्या नेहमीच्या वाटेने येऊन आणखी एक कोंबडी घेऊन जातो.

चोर पकडायचा असेल तर त्याने मागे काय ठेवले ते आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी पहिली अट अशी, की सकाळी हाती केरसुणी घेऊ नये. पिसे विखुरलेली, माती उकरलेली, रक्ताचे थेंब पडलेले असे अंगण कोणालाही बघवत नाही; पण तेच अंगण झाडून स्वच्छ केले की सर्व पुरावा उकिरड्यावर जातो.

पहिला प्रश्न वेळेचा. कोंबडी रात्री गेली की दिवसा? एवढे नक्की कळले तरी संशयितांची यादी निम्मी होते. मुंगूस, घोरपड, घार, शिक्रा आणि कावळा हे सारे दिवसाचे उद्योगी आहेत. सूर्य मावळला की मुंगूस आपल्या बिळात जातो. म्हणून मध्यरात्री खुराड्यात झालेल्या कलकलाटाचा दोष त्याच्या माथी मारणे बहुधा चूक ठरते. उलट उदमांजर, जवादी मांजर, घूस आणि मोठी घुबडे ही रात्रीची मंडळी. कोल्हा आणि रानमांजर तिन्हीसांजेला व पहाटेला बाहेर पडतात, आणि रात्रीही फिरतात. सापांचे मात्र एक ठरलेले नाही: धामण दिवसा हिंडते, नाग दिवसा व संध्याकाळी दोन्ही वेळा दिसतो, तर अजगर बहुधा रात्री सावज धरतो.

दुसरा प्रश्न असा, की मागे काय राहिले? काहीच राहिले नसेल, पीस नाही, रक्त नाही, अंड्याचे कवचही नाही, तर सापाचा विचार आधी करावा. साप भक्ष्याचे तुकडे करीत नाही. तो ते सबंध गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे ताणल्या जाणाऱ्या बंधाने जोडलेले असतात, त्यामुळे स्वतःच्या डोक्याहून मोठे अंडेही तो तोंडात घेऊ शकतो. घरट्यात काल नऊ अंडी होती, आज सहा आहेत, गवत जागच्या जागी आहे, अशी चोरी नागाची किंवा धामणीची असण्याचा संभव फार. कधी कधी पूर्ण वाढलेली कोंबडी मेलेली आढळते, तिच्या अंगावर फाडल्याची जखम नसते, फक्त डोके आणि मान ओलसर व चिकट झालेली असतात. नागाने दंश करून ती मारलेली असते, गिळू पाहिलेली असते, आणि ती घशाखाली उतरत नाही असे पाहून तो निघून गेलेला असतो. अशी कोंबडी उचलण्यापूर्वी खुराड्याचे कोपरे काठीने दुरूनच तपासणे शहाणपणाचे. अजगराची गोष्ट तर विलक्षणच. तो फटीतून आत शिरतो, कोंबडी गिळतो, आणि मग फुगलेल्या पोटामुळे त्याच फटीतून त्याला बाहेर पडता येत नाही. सकाळी चोर आणि चोरीचा माल दोन्ही एकाच जागी सापडतात!

पिसे राहिली असतील तर ती हातात घेऊन पाहावीत. हे काम थोडे किळसवाणे खरे, पण पीस जितके बोलते तितके दुसरे काही बोलत नाही. शिकारी पक्षी आपले भक्ष्य खाण्यापूर्वी चोचीने एक एक पीस उपटतो. म्हणून पिसाचा देठ मुळापर्यंत शाबूत असतो, आणि अशी पिसे एका जागी, बहुधा गोलाकार पसरलेली दिसतात. चार पायांचा प्राणी दातांनी पिसे तोडतो. त्यांचे देठ मध्येच तुटलेले, चावलेले, आणि कित्येकदा लाळेने एकमेकांना चिकटलेले असतात. पिसांची ओळ खुराड्यापासून गडग्यापर्यंत आणि तेथून झुडपात गेलेली असेल, तर कोणीतरी कोंबडी तोंडात धरून नेली असे समजावे. कोल्ह्याची आणि रानमांजराची रीत अशीच असते: एक कोंबडी धरायची आणि निवांत जागी नेऊन खायची.

पण जेथे एकाच रात्री पाच-सहा कोंबड्या मारून तेथेच टाकल्या आहेत, तेथे लोक म्हणतात, “हे काम दुष्टाव्याचे.” असे म्हणणे बरोबर नाही. मोकळ्या रानात एक पक्षी धरला की बाकीचे उडून जातात, आणि शिकार तेथेच संपते. खुराड्यात मात्र उडून जायला जागा नसते. समोर फडफड चालूच राहते, आणि फडफड दिसली की झडप घालायची ही शिकारी प्राण्याची उपजत प्रवृत्ती पुन्हापुन्हा जागी होते. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे चांगले दाखवून दिले आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या वस्तीत खोकडाच्या जातीचे प्राणी काळोख्या रात्री शिरत, आणि पक्षी उडत नसल्यामुळे खाण्याच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक मारून जात. गावातील मोकाट कुत्र्यांचेही असेच आहे. तो तर भुकेपेक्षा खेळाच्या उन्मादातच कोंबड्यांच्या मागे लागतो. ओरबाडलेल्या, लोळवलेल्या, पण न खाल्लेल्या कोंबड्या अंगणभर पडलेल्या दिसल्या, तर रानाकडे बोट दाखवण्यापूर्वी गावातल्या कुत्र्यांकडे पाहावे.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केलेला बरा. गोष्टींच्या पुस्तकांतून लांब झुपकेदार शेपटीचा, लालसर अंगाचा जो धूर्त प्राणी कोल्हा म्हणून काढलेला असतो, तो आपला कोल्हा नव्हे. रात्री गावाबाहेर कुई करणारा, कुत्र्याएवढा पण किडकिडीत असा आपला कोल्हा निराळा. आणि त्याच्याहून पुष्कळ लहान, काळ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचे खोकड निराळे. खोकड देशावरच्या उघड्या माळांवर राहते, उंदीर, किडे, खेकडे यांवर पोट भरते आणि कोंबड्यांच्या वाटेला क्वचितच जाते. चित्रातील धूर्ताच्या नावावर ह्या गरीब प्राण्याने पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत.

तिसरी साक्ष पायांच्या ठशांची. अंगणातील जमीन कठीण असेल तर ठसा उमटत नाही; म्हणून संध्याकाळी चुलीतील राख चाळून खुराड्याच्या सभोवती पातळ थर पसरावा. सकाळी त्यावर रात्रीचा पाहुणा आपली सही करून गेलेला असतो. ठसा गोल, चार बोटांचा, आणि नखांची खूण नसलेला असेल तर तो मांजराच्या कुळातील, कारण ही मंडळी चालताना नखे आत ओढून घेतात. घरच्या मांजराच्या ठशाहून तो थोडा मोठा असला तर रानमांजराचा. कोणी त्यालाच बाऊल म्हणतात. त्याच घडणीचा पण पुष्कळ मोठा ठसा दिसला, तर मुलांनी तेथे न थांबता घरातल्या मोठ्यांना हाक मारावी. बिबट्याही कोंबडी सोडत नाही. चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा असतील तर ठसा कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा. ह्या दोघांत फरक करणे अवघड, तरी एक खूण चांगली आहे: कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींस जुळलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या असतात. पाच बोटे उमटली असतील तर मुंगूस, उदमांजर किंवा जवादी मांजर. आणि बोटांच्या ठशांमधून एक नागमोडी रेघ गेलेली असेल, तर ती घोरपडीच्या शेपटीची.

आता फट पाहावी. चोर ज्या वाटेने आला त्या वाटेपेक्षा तो मोठा असू शकत नाही. दाराखालच्या तीन बोटांच्या फटीतून कोल्हा येत नाही. मुंगूस सहज येतो. जमिनीत ताजे बीळ आणि त्याच्या तोंडाशी मातीचा ढीग असला तर तेथे घूस आहे. ती लहान पिल्ले ओढून बिळात नेते. फट जमिनीशी नसून वर कौलांशी असली, तर चोर चढणारा आहे. आणि दार सावकाश उघडून पुन्हा व्यवस्थित लावलेले असेल, पिसे नाहीत, रक्त नाही, कुत्राही भुंकला नाही, तर चोर दोन पायांचा असून ओळखीचा आहे असे समजण्यास हरकत नाही. त्याच्या शोधासाठी राख पसरण्याची गरज पडत नाही.

अंड्यांच्या चोरीत आणखी एक गंमत असते. मुंगूस अंडे फोडून खातो आणि कवचे तेथेच किंवा जवळच सांडतो; कावळा चोचीने भोक पाडतो वा अंडे उचलून नेतो. पण गवत बलकाने ओले झालेले, कवचाचे बारीक तुकडे पडलेले आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीला पिवळा बलक वाळलेला, असे दिसले तर बाहेरच्या कोणाला शोधू नये. चोर घरातच आहे! आहारात चुन्याचा अंश कमी पडला, किंवा एखादे अंडे फुटून त्याची चव कळली, की कोंबडी स्वतःचीच अंडी खाऊ लागते.

ह्याहून अधिक फसवे प्रकरण आहे ते आधीच मेलेल्या कोंबडीचे. मानमोडी नावाचा एक भयंकर सांसर्गिक रोग आहे; उत्तराखंडातील राणीखेत गावाच्या नावावरून त्याला राणीखेत रोगही म्हणतात. ह्या रोगाने कोंबडी रात्रीत मरते, आणि पहाटे तिला घूस किंवा मांजर कुरतडून जाते. पाहणाऱ्याला वाटते, मांजराने मारली. अशा वेळी जखमेजवळची कातडी मोठ्या माणसाकडून उचलून पाहावी. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेले दिसते. मेल्यावर बसलेल्या चाव्याखाली ते दिसत नाही. हा भेद ज्याला कळला नाही तो मांजराला पकडण्याच्या नादात राहतो, आणि तोवर साऱ्या वाडीतील कोंबड्यांना रोग लागतो. लस टोचून घेण्याची वेळ निघून जाते.

स्वतः कोंबड्याही साक्ष देतात, ऐकणारा हवा. पीटर मार्लर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोधक आहे. त्यांनी कोंबड्यांना वरच्या बाजूच्या पडद्यावर उडणाऱ्या ससाण्याचे चित्र दाखवले, तर कोंबडा लांबट, बारीक आवाजाचा इशारा देई. समोर जमिनीवर चालणाऱ्या हिंस्र प्राण्याचे चित्र दाखवले, तर तो कटकट असा तुटक आवाज काढी. पुढे त्यांनी नुसते हे आवाज ऐकवले. शत्रू कोठेच नव्हता. तरी पहिला आवाज ऐकताच कोंबड्या दबून बसल्या वा आडोशाला पळाल्या, आणि दुसरा ऐकताच माना ताठ करून इकडे-तिकडे पाहू लागल्या. म्हणजे आकाशातील शत्रूला एक शब्द आणि जमिनीवरील शत्रूला दुसरा, असा कोंबड्यांच्या बोलीत भेद आहे. ज्या घरी जुनी, जाणती बाई आहे तिला हा भेद कोणत्याही प्रयोगाशिवाय ठाऊक असतो. परसातला एक आवाज ऐकून ती “घार आली रे!” म्हणत बाहेर धावते, आणि दुसरा आवाज ऐकून हातात काठी घेते.

ह्या सर्व खुणा प्रत्यक्षात कशा जुळवाव्या लागतात, हे कळण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत एक आजी आणि तिची बारा वर्षांची नात राहत होती. मुलीचे आईबाप मुंबईला कामाला होते. आजीजवळ नऊ कोंबड्या होत्या, आणि एक खुडूक कोंबडी लाकडांच्या खोपीत अकरा अंड्यांवर बसवलेली होती. वैशाखात तीन रात्रींच्या अंतराने खुराड्यातील दोन तलंगा नाहीशा झाल्या. त्याच आठवड्यात खुडूक कोंबडीखालची अंडी अकरांची आठ झाली. शेजाऱ्यांनी निकाल दिला: मुंगूस. दोनदा तो गडग्यावर दिसलाही होता. एका शेजाऱ्याने विषाचे अंडे करून देण्याची तयारी दाखवली. आजीचा जीव तळमळत होता. पावसाळ्यापूर्वीची खरेदी त्या तलंगांवर अवलंबून होती. ती शेजाऱ्याला “हो” म्हणणार, तोच नात म्हणाली, “आजी, दोन दिवस थांब ना. ते अंडं आपल्या मोत्यानं खाल्लं तर?”

आजी थांबली, ती मुंगसाच्या दयेने नव्हे, मोत्याच्या काळजीने.

मुलीने खुराडे आतून पाहिले. दाराची खीळ जशीच्या तशी होती. तळाशी कोठे फट नव्हती. पिसे होती, पण ती जमिनीवर थोडी आणि आतल्या भिंतीवर उंच चिकटलेली अधिक. वरचे एक कौल सरकलेले होते. तिने बाहेर जाऊन पाहिले, तो कौलांवरही दोन पिसे अडकलेली, आणि त्यांचे देठ मध्येच तुटलेले. म्हणजे चोर पक्षी नव्हता, आणि तो वरून आला होता. छपरावर फणसाची एक फांदी टेकलेली होती. शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर वाळलेली विष्ठा पडलेली होती, आणि तीत करवंदांच्या व जांभळांच्या बिया भरलेल्या होत्या. कोंबडी खाणाऱ्याच्या विष्ठेत फळांच्या बिया कशा, याचे तिला नवल वाटले. तरी तिने ती गोष्ट मनात ठेवली आणि संध्याकाळी भिंतीच्या माथ्यावर राख पसरली.

सकाळी राखेत पाच बोटांचा ठसा होता. शेजारी म्हणाला, “पाहा, मुंगूसच! मुंगसाला पाच बोटं असतात.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. एकट्या ठशावर निकाल द्यायचा असता तर मुंगूस त्या दिवशी दोषी ठरला असता. पण ठसा रात्री उमटला होता, आणि रात्री मुंगूस बिळात असतो. तो फणसाच्या फांदीवरून कौलांवर उतरतो असेही कोणी पाहिले नव्हते. रात्री फिरणारा, झाडावर चढणारा, पाच बोटांचा आणि फळे खाणारा असा प्राणी एकच, तो उदमांजर. त्याचे खरे अन्न फळे, उंदीर, किडे. माडाची माडीही तो पितो. आणि कौल सैल मिळाले तर कोंबडीही सोडत नाही. पुढच्या रात्री छपरावर पावले वाजली तेव्हा आजीने विजेरी वर धरली. झोतात दोन डोळे चमकले, काळसर तोंड आणि अंगाएवढी लांब शेपूट क्षणभर दिसली, आणि तो प्राणी फणसावर दिसेनासा झाला.

पण उदमांजर सापडले तरी अंड्यांचा उलगडा होईना. उदमांजराने अंडी खाल्ली असती तर कवचे पडली असती, आणि बसलेली कोंबडी ओरडली असती. येथे कवच नव्हते, गवत विस्कटलेले नव्हते. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणापाणी घेण्यासाठी उठते. अंडी त्याच वेळी जात असली पाहिजेत. खोपीच्या मागे उंदरांची तीन बिळे होती, आणि एका बिळाच्या तोंडाशी सापाची लांब कात पडलेली होती. साप आला होता तो उंदरांसाठी; वाटेत अंडी मिळाली ती त्याने घेतली. म्हणजे चोर दोन होते, आणि ज्याच्यासाठी विष तयार होत होते तो तिसराच. त्या परसात उंदीर आणि साप ह्या दोघांचाही शत्रू कोण असेल, तर तोच गडग्यावरचा मुंगूस. मुंगूस अगदी निर्दोष प्राणी आहे असे नाही. संधी मिळाली तर पिलू तोही नेतो. पण ह्या दोन्ही चोऱ्यांत त्याचा हात नव्हता.

आणि असता, तरी विष आणि फासकी हा त्यावर उपाय नव्हता. एक तर मुंगूस, उदमांजर, कोल्हा, रानमांजर, घोरपड, नाग ह्या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. दुसरे, एक उदमांजर मेले तरी सरकलेले कौल सरकलेलेच राहते, आणि त्या वाटेने दुसरे येते. म्हणून आजीच्या घरी कौले नीट बसवून त्यांखाली अर्ध्या इंचाच्या गाळ्याची जाड तारेची जाळी ठोकली गेली. बाजारात मोठ्या षट्कोनी गाळ्यांची स्वस्त जाळी मिळते, परंतु ती कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवीत नाही. तिच्या भोकातून पंजा आत येतो आणि बारीक साप तर सरळ आत जातो. छपरावर आलेली फणसाची फांदी तोडली. खोपीतील लाकडे हलवली, उंदरांची बिळे दगड-मातीने बुजवली, आणि खुडूक कोंबडीची टोपली उचलून पडवीत, माणसांच्या वावरात, फळीवर ठेवली. शेजाऱ्याने विषाचे अंडे केले नाही. उलट फांदी तोडायला कोयता घेऊन तोच झाडावर चढला.

एकविसाव्या दिवशी आठ अंड्यांतून सात पिल्ले निघाली. आठवडाभराने ती आईमागून अंगणात हिंडू लागली, आणि त्याबरोबर पाहण्याची दिशा बदलली. आता जमिनीवरचा आणि छपरावरचा चोर मागे पडला. धोका वरून होता. शेवग्याच्या टोकावर शिक्रा येऊन बसू लागला. मुलीने एक मोठे डालगे अंगणात पालथे घालून, एका बाजूने दगड लावून ते थोडे उचलून ठेवले, आणि स्वतः ओट्यावर बसून अभ्यास करता करता कोंबड्याच्या आवाजाकडे कान ठेवला. दुपारी त्याने लांबट, बारीक सूर काढला, तेव्हा ती धावण्यापूर्वीच साती पिल्ले डालग्याखाली शिरली होती.